पोटगीचा हुकूम हातात, पैसे नाहीत: वसुली नेमकी कुठे अडते आणि निवेदनात काय मागावं?

रानवाट_यवतमाळ

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातले काही पॅरालीगल व्हॉलंटियर आणि बचत गटांतल्या ताया मिळून एक निवेदन तयार करतोय. विषय एकच: मुलांच्या पोटगीचा हुकूम झाल्यावरही बाप पैसे देत नसेल, तर वसुलीची पद्धत बदला. "कडक कारवाई व्हावी" असली वाक्यं त्यात नको आहेत, ती वाचून कोणी जागचं हलत नाही. कोणता नियम, कोणतं टेबल, कोणती मुदत आडवी येते ते लिहायचं आहे.

उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून नमुन्याला एक प्रकरण धरू. दोन मुलं, दोघांचे मिळून दरमहा ७,००० रुपये. २२ महिने थकले. बापाची कोरडवाहू जमीन सामाईक खात्यात, सातबाऱ्यावर त्याच्यासोबत आई आणि दोन भाऊ. दिवाळी झाली की तो पुण्याला ठेकेदाराकडे कामाला जातो, पेरणीला परत येतो. वॉरंट निघालं की ठाण्यातून "मिळून आला नाही" असा अहवाल येतो. कधी तारखेला आलाच तर पाच हजार भरतो, वॉरंट रद्द होतं, पुढची तारीख पडते.

आहे त्या कायद्यात हे प्रकरण नीट चालवायचं तर क्रम काय? आणि नीट चालवूनही जे अडतंच, ते काय?

काळा_कोट

आधी क्रम पाहू, कारण बरीच प्रकरणं कायद्यात नाही, क्रमात मरतात.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. वसुलीचं पोटकलम (३) मात्र जवळजवळ जसंच्या तसं आहे, त्यातल्या खोडीसकट. पहिली खोड एका वर्षाची. रक्कम देय झाली त्या तारखेपासून १ वर्षाच्या आत अर्ज केला नसेल तर त्या महिन्यासाठी वॉरंट निघत नाही. तुमच्या प्रकरणात २२ महिन्यांचे १,५४,००० होतात. आज पहिला अर्ज टाकला तर वॉरंटच्या रस्त्याने फक्त १२ महिन्यांचे ८४,००० येतील. उरलेले ७०,००० बुडत नाहीत. हक्क मरत नाही, फक्त हा झटपट रस्ता बंद होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण मग दिवाणी रस्ता धरावा लागतो, आणि तो लांबचा आहे.

यावर तोड आहे. अर्ज मुदतीत दाखल होऊन चालू असेल तर पुढे थकत जाणारे महिने त्याच अर्जात मागता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलं. म्हणून दुसरा-तिसरा महिना थकला की अर्ज टाकायचा. "थोडं थांबू, देईल तो" म्हणत वर्ष घालवायचं नाही. पाच हजार भरले म्हणून अर्ज निकाली काढून घ्यायचा नाही. दर तारखेला थकबाकीचा नवा तक्ता जोडायचा. तक्त्यात महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, ती कशी मिळाली, बाकी आणि देय तारीख एवढे रकाने पुरतात. रोखीने घेऊच नका. आईच्या बँक खात्यातच रक्कम यावी असं हुकमात लिहून घेतलं की पासबुक हाच पुरावा होतो आणि "मी दिले होते, पावती नाही" हा बचाव संपतो. हुकूम अर्जाच्या तारखेपासून लागू असेल (सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर तोच नियम आहे) तर मधल्या काळाची रक्कम तक्त्यात वेगळी दाखवा. एकत्र केली की त्या हिशेबावर वाद होतो आणि त्यात दोन तारखा जातात.

दुसरी खोड वॉरंटच्या क्रमाची. पुष्कळ अर्जांत थेट अटक वॉरंट मागितलेलं असतं. कलमाची भाषा पाहा: आधी दंड वसूल करतात त्या रीतीने जप्ती वॉरंट, ते बजावूनही बाकी राहिली तर कैद. जप्तीची पायरी गाळून काढलेलं अटक वॉरंट वरच्या कोर्टात टिकत नाही, आणि सहा महिने पाण्यात जातात. म्हणून अर्जात पहिली मागणी जप्तीची ठेवा. त्या वॉरंटचा अहवाल लेखी येऊ द्या, मगच कैदेची मागणी करा.

कैदेबद्दल गावात दोन गैरसमज आहेत. एक, महिनाभर आत बसून आला की थकबाकी फिटली. नाही. १९८९ पासून कायदा स्पष्ट आहे: कैद हा वसुलीचा दाब आहे, रक्कम जशीच्या तशी अंगावर राहते. दोन, १२ महिने थकले म्हणजे १२ महिने कैद. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या निकालात एका वेळी कमाल एक महिना आणि नवी थकबाकी झाली की नवा अर्ज, असं आहे. उच्च न्यायालयांचे निकाल मात्र दोन्ही बाजूंनी सापडतात, म्हणून युक्तिवाद सोडू नका.

पाच हजारांच्या खेळीवर उपाय: त्याच दिवशी पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) द्या की ही रक्कम सर्वांत जुन्या बाकीत जमा धरली, शिल्लक इतकी, आणि वॉरंट रद्द करायचं तर शिल्लक रकमेचे हप्ते व तारखा ठरवूनच करावं, हप्ता चुकला तर वॉरंट पुन्हा जारी व्हावं. तोंडी विनंतीची रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंद होईलच असं नाही.

समन्सबद्दल एक चांगला बदल झाला आहे. पूर्वी तो घरी नसेल तर कुटुंबातल्या प्रौढ पुरुषाकडेच समन्स देता येत असे. नव्या संहितेच्या कलम ६६ मध्ये पुरुष ही अट गेली. घरी फक्त त्याची आई असली तरी तिच्याकडे दिलेलं समन्स चालतं. "घरी पुरुष माणूस नाही" असा शेरा मारून परत आलेलं समन्स आता मान्य करू नका.

आणि हो, वकिलाच्या फीमुळे कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

सातबारा_बारा

वकील साहेबांनी कोर्टाची बाजू सांगितली. महसूलची बाजू मी सांगतो, कारण जमिनीवाल्याच्या बाबतीत खरी चावी तिथे आहे.

दंड वसुलीचं कलम नव्या संहितेत ४६१ (जुनं ४२१). त्यात दोन रस्ते आहेत: एक, जंगम मालाची जप्ती आणि विक्री. दोन, जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट, की ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करा. आपल्याकडे सगळे पहिल्याच रस्त्याने जातात. हवालदार घरी जातो, तिथे पत्र्याची पेटी, पंखा आणि चार भांडी. "जप्तीयोग्य माल नाही" असा पंचनामा येतो. दुसरा रस्ता मागितलाच जात नाही. तो अर्जात वेगळा, कलम लिहून मागावा लागतो.

वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलदारांकडे, तिथून मंडळ अधिकारी आणि पटवाऱ्याकडे उतरतं. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू होते: कलम १७८ ची मागणी नोटीस, १८० प्रमाणे जंगम, १८१ प्रमाणे स्थावर. त्याच संहितेतल्या अटकेच्या कलमाचा मात्र इथे उपयोग नाही. कलम ४६१ च्याच परंतुकात लिहिलं आहे की जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली करताना माणसाला अटक करायची नाही. तहसीलमध्ये जाऊन "त्याला आत टाका" म्हणण्यात अर्थ नसतो.

कागद परत कशामुळे येतो? वॉरंटवर फक्त नाव, बापाचं नाव आणि गाव असतं. एका गावात त्याच नावाचे तिघे निघतात. म्हणून अर्जासोबतच गट क्रमांक, क्षेत्र, खाते क्रमांक, आठ-अ (त्याच्या खात्यातल्या सगळ्या जमिनींचा उतारा), शेवटचा फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) आणि त्याचा हिस्सा जोडा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो, त्यासाठी कोणाच्या पाया पडायची गरज नाही. हिस्सा वेगळा लिहिलेला नसेल तर "अविभक्त हिस्सा" असं स्पष्ट लिहा. पूर्ण गट जप्त करा असं लिहिलंत की भाऊ हरकत घेतात, आणि ती हरकत बरोबर असते. वसूल रक्कम कोर्टात जमा करायची की थेट आईच्या खात्यात, हेही हुकमात असू द्या, नाहीतर वसूल झालेला पैसा कार्यालयांच्या पत्रव्यवहारात अडकतो.

भोगवटदार वर्ग कोणता ते आधी पाहा. वर्ग-१ (परवानगीविना विकता येणारी जमीन) असेल तर अडचण कमी. वर्ग-२ असेल तर विक्रीला परवानगी लागते. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला कलम ३६ आणि ३६-अ चं संरक्षण आहे, तिथे लिलावाच्या मागे लागू नका. आपल्या भागात भूदानाच्या जमिनीही बऱ्याच आहेत, त्यांच्यावरही हस्तांतराची बंधनं असतात.

माझं मत विचाराल तर लिलाव हे ध्येय ठेवूच नये. सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांच्या रकान्यात जप्तीचा बोजा (जमिनीवरच्या देण्याची नोंद) चढणं हेच काम करतं. बोजा चढला की पीक कर्जाचं नूतनीकरण अडतं, विक्री अडते, वाटणीचा फेरफार अडतो. घरातले भाऊच त्याला म्हणतात, भरून टाक बाबा. एप्रिल ते जून पीक कर्जाचा हंगाम. त्याआधी बोजा नोंदला गेला पाहिजे. जुलैत चढलेला बोजा वर्षभर नुसता कागदावर बसतो.

आता सुधारणा. तहसीलच्या वसुली टेबलावर बँका, मोटार वाहन कर, गौण खनिजाचा दंड, कामगार न्यायालयाचे हुकूम अशी सगळ्यांची प्रमाणपत्रं एकाच ढिगात असतात. मार्चअखेर उद्दिष्ट असतं महसुलाचं. पोटगी कोणाच्याच उद्दिष्टात नाही. मासिक महसूल बैठकीच्या आढाव्यात पोटगी वसुलीचा एक रकाना घाला, एवढंच मागा. पत्रकात रकाना आला की विचारणा होते, आणि विचारणा झाली की फाइल हलते.

रानवाट_यवतमाळ

सातबारा_बारा काका, हे फार कामाचं आहे. पण हुकूम लागायच्या सुमारासच हक्कसोड (जमिनीतला आपला हिस्सा सोडून देणं) होतो त्याचं काय? भावाच्या किंवा आईच्या नावे हक्कसोड पत्र करून दिलं, फेरफार मंजूर, आणि सातबाऱ्यावरून त्याचं नावच गेलं.

काळा_कोट

ताई, यावर उपाय हुकमाच्या आधीच करायचा असतो. मॅजिस्ट्रेट कलम १४४ खाली रक्कम ठरवतात, जमिनीवर बोजा ठेवत नाहीत. बोजा हवा असेल तर हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ खाली दिवाणी वाद घालून (कुटुंब न्यायालय असेल तिथे त्या न्यायालयात) हुकूमनाम्यातच ठरावीक गटावर निर्वाहाचा बोजा मागावा, आणि वाद चालू असेपर्यंत हस्तांतरास मनाई. कलम २७ नुसार असा बोजा आपोआप बसत नाही, हुकूमनाम्याने किंवा कराराने बसवावा लागतो. बसला की त्याची नोंद इतर हक्कांत होते.

हक्कसोड होऊन गेला असेल तरी हात टेकू नका. त्याच कायद्याचं कलम २८ आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ३९: घेणाऱ्याला पोटगीच्या हक्काची माहिती असेल किंवा हस्तांतर मोबदल्याशिवाय असेल, तर हक्क त्याच्याविरुद्धही चालतो. सख्ख्या भावाला माहिती नव्हती असं कोण म्हणेल, आणि हक्कसोड तर बहुधा बिनमोबदलाच असतो. धनकोंना (ज्यांचं देणं आहे त्यांना) फसवण्यासाठी केलेल्या हस्तांतराला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचंच कलम ५३ आहे. फक्त यासाठी दिवाणी कोर्टात जावं लागतं, वसुली अर्जात हे होत नाही. निवेदनातली ही एक ठोस मागणी: पोटगीचा अर्ज दाखल होताच प्रतिवादीच्या सातबाऱ्यावर "प्रकरण प्रलंबित" अशी नोंद घेण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटना द्या.

सोसायटी किंवा बँकेचा बोजा आधीच असला म्हणून जमीन सोडून देऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीचा हक्क तारणदार धनकोंच्या हक्कापेक्षा वरचा धरला आहे. तो निकाल जोडा.

आणखी एक, हक्कसोडाचीच बहीण: पंचांसमोर ५०० च्या स्टँपवर फारकत, "एकरकमी घेतले, यापुढे मुलांची पोटगी मागणार नाही". आईने स्वतःपुरतं काहीही लिहून दिलं तरी मुलाचा हक्क ती सोडू शकत नाही. तो कागद दाखवून कोणी वसुली थांबवत असेल तर हरकत घ्या.

पऱ्हाटीवाला

हे सारं ठीक हाये भाऊ, पण पैसा दिसते केव्हा ते पाहा ना आधी. कोरडवाहू शेतकऱ्याच्या खात्यात बारा महिने पैसा नसते. सोयाबीन ऑक्टोबरात, कापूस नोव्हेंबर ते जानेवारी-फेब्रुवारी, तूर त्याच्या मागून. मार्चात खातं जप्त कराले जाल तर बाकी निघते तीनशे चाळीस रुपये.

सीसीआय म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ, त्याचा पैसा आधारशी जोडलेल्या खात्यातच येते. तिथं माल द्यायचा म्हटलं की सातबारा आणि ई-पीक पाहणीतली (मोबाइलवर केलेल्या पेऱ्याच्या नोंदीतली) कापसाची नोंद लागते. म्हणजे कोणी किती पेरला ते सरकारच्या कागदावर आधीच असते. २०२५-२६ ले लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलले ८,११० होता. दहा क्विंटलचे ८१,१००. तुमच्या नमुन्यातली वर्षाची पोटगी ८४,०००. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरा आणि बियाणं, फवारणी, वेचाई वजा करा, मग समजते की किती एकरवाल्याले हे झेपते आन किती एकरवाल्याले नाही. हेही निवेदनात लिहा. एकटा कागद घेऊन गेलं की लोक म्हणतात शेतकऱ्याच्या मागं लागले.

पळवाटा दोन. एक खेडा खरेदी: गावातच व्यापाऱ्याच्या काट्यावर रोखीनं विकला, कुठंच नोंद नाही. दुसरी, माल आपला पण सातबारा भावाचा. पहिलीले इलाज कठीण हाये. दुसरीले ई-पीक पाहणीचा उतारा कामी येते, कारण पेरा कोणाच्या गटात हाये ते तिथं दिसते. बाजार समितीत विकला तर अडत्याकडं हिशेबपट्टी राहते, त्यावर नाव, वजन, भाव, कटती सारं असते. कोर्टानं मागितली तर त्याले दाखवावी लागते.

काळा_कोट

पऱ्हाटीवाले भाऊंच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो. अडत्याने किंवा जिनिंगने त्याला देणं असलेली रक्कम ही "ऋण" म्हणून जप्त करता येते, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१ नियम ४६-अ. रजनेश निकालात पोटगीचा हुकूम दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येईल असं म्हटल्यामुळे हा रस्ता उघडला. उभ्या पिकाचीही जप्ती होते, पण नियम ४५ प्रमाणे पीक कापणीला किंवा वेचणीला कधी येईल ते अर्जात लिहावं लागतं. ते लिहिलेलं नसतं आणि अर्ज तिथेच पडतो. बैलजोडी, अवजारं, बियाणं आणि त्याचं राहतं घर मात्र कलम ६० ने वगळलं आहे, त्यावर वेळ घालवू नका.

त्याच रजनेश निकालात मालमत्तेच्या शपथपत्राचे नमुने आहेत. शेतकऱ्यासाठी वेगळा नमुना आहे, परिशिष्ट दोन. त्यात जमिनीचा हिस्सा, ओलीत की कोरडवाहू, पिकं, मागच्या ३ वर्षांचं उत्पन्न, बटईनं घेतलेली जमीन, जनावरं, कर्ज असं सगळं विचारलं आहे. तालुक्याच्या ठिकाणी शहरी नमुनाच भरून येतो, ज्यात नोकरीचा रकाना "लागू नाही" आणि उत्पन्न "मजुरी". शेतीचा नमुना भरायला लावा, असा लेखी अर्ज द्या. खोटं शपथपत्र दिलं तर त्याचे परिणाम वेगळे आहेत, आणि ते त्याच्या वकिलाला माहीत असतात.

पुण्याच्या ठेकेदाराबद्दल: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४७ प्रमाणे हुकमाची अंमलबजावणी तो जिथे असेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे करता येते, हुकमाची नक्कल विनामूल्य मिळते. घरगुती हिंसाचार कायदा, २००५ खाली आर्थिक मदतीचा आदेश असेल तर कलम २०(६) जास्त सोयीचं: कोर्ट त्याच्या मालकाला किंवा देणेकऱ्याला थेट आदेश देतं की पगाराचा भाग आईला द्या किंवा कोर्टात भरा. ठेकेदाराचं नाव, साइटचा पत्ता आणि मुख्य कंपनी कोण, एवढं मिळवा.

पक्का पगारदार असेल (जिल्हा परिषद शिक्षक, एसटी, कोळसा खाण) तर कटकट कमी. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश संरक्षित आहे, इतर कर्जात दोन तृतीयांश असतो, आणि हा फरक खुद्द कोर्टातही कित्येकदा विसरला जातो. आदेश "कार्यालय प्रमुख" नावाने पाठवू नका. आहरण व संवितरण अधिकारी कोण ते शोधून त्या पदनामाने पाठवा, कारण बिल तो काढतो. भविष्य निर्वाह निधी जप्त होत नाही.

ओलीत_कोरडवाहू

थोडं वेगळं बोलतो. न देणारे आणि देऊ न शकणारे यांना एकच औषध चालणार नाही. बोंडअळी आली, अतिवृष्टी झाली, त्या वर्षी खरंच हातात काही नसतं. अशा बापाने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम बदलून घ्यावी. तो मात्र गप्प बसतो, थकबाकी वाढते, मग पळतो. नोटिसीसोबतच एक पानी मराठी माहितीपत्रक जोडलं पाहिजे: रक्कम जड जात असेल तर गप्प राहू नका, बदलासाठी अर्ज करा, आणि अर्जाने जुनी बाकी माफ होत नाही.

परदेशी दाखले देणारे इंग्लंडचं उदाहरण देतात. तिथली चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस पगारातून थेट कापते, आणि वसुली सेवेमार्फत करावी लागली तर देणाऱ्याला २० टक्के जादा आकार लावते, घेणाऱ्याकडून ४ टक्के. ड्रायव्हिंग लायसन्सही रोखता येतं. आपल्याकडे हे जसंच्या तसं आणणं चुकीचं. पगारपत्रक नाही तिथे कापणार काय? आणि जो गडी ट्रॅक्टर किंवा काळीपिवळी चालवून कमावतो त्याचं लायसन्स घेतलं तर पोरांच्या ताटातलंच जातं.

मला जर्मनीची पद्धत जास्त पटते. बाप देत नसेल तर सरकार मुलाला आगाऊ निर्वाह रक्कम देतं (२०१७ पासून १८ वर्षांपर्यंत) आणि मग बापाकडून स्वतः वसूल करतं. आपल्याकडे याचे तुकडे आहेत. संजय गांधी निराधार योजनेत पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटितांना दरमहा १,५०० मिळतात, उत्पन्न मर्यादा वर्षाला २१,०००. बालसंगोपन योजनेत एकपालक मुलाला दरमहा २,२५०. पण हा पैसा सरकार देतं आणि विसरतं, बापाच्या नावावर चढवत नाही. तो चढवला तर थकबाकी आईची न राहता शासनाची होईल. मग तहसीलदारांना ती वसूल करावीच लागेल, आणि आईला ठाण्याच्या ओट्यावर बसायची गरज नाही. बाकी सगळ्या मागण्यांपेक्षा ही एक मोठी आहे, कारण आज बाप कुठे राहतो, काय कमावतो, कोणत्या बँकेत खातं आहे हे शोधायचं काम कायद्याने त्या बाईवर टाकलं आहे, जिला रोजी पाडून कोर्टात यावं लागतं.

काळा_कोट

सहमत, फक्त भाषेत एक काळजी घ्या. आगाऊ रक्कम पोटगीच्या हिशेबात वळती करून उरलेली आईला देय राहील असं लिहा. नाहीतर उद्या बापाचा वकील म्हणेल, सरकार देतंच आहे, पोटगी कमी करा.

निवेदन एकाच पत्त्यावर पाठवू नका, हे शेवटचं आणि महत्त्वाचं. एका वर्षाची अट संहितेत आहे, ती आमदाराच्या पत्राने जात नाही. पण फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राज्याला राष्ट्रपतींच्या संमतीने दुरुस्ती करता येते, आणि महाराष्ट्राने हे आधी केलंही आहे: १९९९ मध्ये कलम १२५ मधली ५०० रुपयांची कमाल मर्यादा राज्याने १,५०० केली होती, पुढे २००१ च्या केंद्रीय दुरुस्तीने मर्यादाच गेली. म्हणून ती मागणी विधी व न्याय विभागाकडे, आमदारांमार्फत. तहसीलच्या आढाव्यातला रकाना, वॉरंटसोबतच्या कागदांचा नमुना, बोजा नोंदवायची मुदत, यांना कायदा बदलावा लागत नाही. महसूल विभागाचा शासन निर्णय किंवा जिल्हाधिकाऱ्यांचं परिपत्रक पुरे. शेतकऱ्याचा शपथपत्र नमुना सक्तीचा करणं, हप्ता चुकला की वॉरंट आपोआप जारी होणं, तक्ता कोर्टाच्या लिपिकाने ठेवणं, हे उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतलं. ती प्रत नागपूर खंडपीठाच्या प्रबंधकांना आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना. पोलिसांच्या "मिळून आला नाही" बद्दल जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे एवढंच मागा की पोटगीच्या वॉरंटच्या अहवालात भेटीची तारीख, वेळ, कोणाला विचारलं आणि मोबाइल नंबर लावून पाहिला का, हे चार रकाने सक्तीचे करा.

रानवाट_यवतमाळ

चार वेगळी पत्रं करतो. एक छोटी शंका राहिली: नमुन्यातला मोठा मुलगा या मार्चात १८ चा होतो. त्याचे ३,५०० बंद, मान्य. पण त्याची जुनी बाकी?

काळा_कोट

१८ पूर्ण होण्याआधीची प्रत्येक महिन्याची बाकी वसूल होते. तक्त्यात दोन्ही मुलांचे रकाने आजच वेगळे करा आणि त्याच्या रकान्याची शेवटची देय तारीख लिहा. मुलगी असती तर गोष्ट वेगळी होती: अविवाहित मुलीला १८ नंतरही १९५६ च्या कायद्याच्या कलम २० खाली निर्वाह मागता येतो, पण तो कलम १४४ च्या हुकमातून आपोआप चालू राहत नाही. त्यासाठी वाढदिवसाच्या आधीच वेगळा दावा टाकावा, म्हणजे मध्ये खंड पडत नाही.